हवेची पेटी

किस्से जमवावे लागत नाहीत. एका खात्यात चार माणसं बारा वर्षं एकत्र जेवतात, तेवढं पुरतं. घडत असताना ते किस्से वाटतही नाहीत, रोजचं काम वाटतं. पुढे मिल जाते, माणसं पांगतात, आणि मग मी आणि नरसय्या संध्याकाळी तळ्याच्या कट्ट्यावर बसलो की एक निघतो, त्याच्यामागनं दुसरा. परवा नरसय्या म्हणाला, "माने, हे कुणाला तरी सांगून ठेव की. आपण दोघंच उरलो."

म्हणून सांगतो.

* * *

आमच्या खात्याला सगळे 'हवा खातं' म्हणायचे. इंग्रजीत त्याचं लांबलचक नाव होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीवर. सूतगिरणीत हवा कोरडी पडली की धागा तुटतो. म्हणून बाहेरची हवा आत ओढायची, जाड कापडातून गाळायची, पाण्याच्या फवाऱ्यात धुवायची आणि पत्र्याच्या मोठ्या नळांतून यंत्रांवर सोडायची, हे आमचं काम.

मी फिटर. नरसय्या पंपावर, तेलुगू विणकराच्या घरातला, आई घरी मागावर चादरी विणायची. पत्र्याचं सगळं काम रज्जाकभाईंकडे. आणि आमच्यावर फोरमन दीक्षितसाहेब. ते फार कमी बोलायचे आणि हातात कायम थर्मामीटर धरून चालायचे.

एकदा मिल बघायला कुणी पाहुणे आले. साहेबांनी त्यांना फवारे दाखवले, गाळणी दाखवली. पाहुण्यांना फार कौतुक वाटलं. म्हणाले, "धाग्यासाठी एवढं करता?"

"करावं लागतं. नाहीतर तुटतो."

"आणि माणसं?"

दीक्षितसाहेबांनी थर्मामीटर बघितला आणि म्हणाले, "माणसं तुटत नाहीत. रजा टाकतात."

* * *

सत्तर सालानंतरची ती वर्षं. माझं लग्न झालं आणि कुसुम वळसंगहून सोलापुरात आली. माहेर शेतातल्या वस्तीवरचं, चारी बाजूंनी मोकळं. आमची खोली मिलच्या मागच्या चाळीत, वरच्या मजल्यावर. एकच खिडकी, तीही मिलच्या बाजूला.

तिसऱ्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा उजेडात धरला.

"अवो, हे काय हाय?"

"तूस. कापसाचं. मिलमधून उडतं."

"भाकरीत?"

"सगळ्यातच."

त्या दिवसापासून ती खोलीतलं सगळं झाकायला लागली. पाण्याची घागर, पिठाचा डबा, शिवणाचं मशीन, माझे बूटसुद्धा. चार दिवसांनी खिडकीत उभी राहून तिनं विचारलं, "ह्या खोलीत वारं कुटनं येतं?"

"मिलकडनं."

"मग ते तिकडंच परत पाठवा की."

मी हसलो. हवा खात्यात काम करत होतो मी. मला ते हसण्यासारखं वाटलं.

* * *

तिसऱ्या वर्षी तिला दमा लागला. आधी जिना चढताना थांबायची. मग बोलताना थांबायला लागली. अर्धं वाक्य म्हणायची, श्वास घ्यायची, मग उरलेलं. मधल्या वेळात तिचा चेहरा बघवायचा नाही, म्हणून मीच ते वाक्य पुरं करायचो. मुद्दाम चुकीचं.

एकदा म्हणाली, "शेजारच्या पारूबाई म्हणत हुत्या, तुमी..."

"फार चांगले आहात."

श्वास आला तसं तिनं मान हलवली. "...तुमी त्यांचं गाळणं नेलंय, ते परत द्या."

आणि हसली. हसताना पुन्हा धाप लागली. तेव्हापासून मी तिला हसवणंही बंद केलं.

दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुढे-मागे ऐकलं, पत्ता विचारला. मी चाळीचं नाव सांगितल्यावर त्यांनी लिहायचं थांबवलं. "गोळ्या देतो. पण खरं औषध म्हणाल तर हवा बदला."

दुपारी जेवताना मी हे सांगितलं तर रज्जाकभाई घास हातात धरून म्हणाले, "डागदरकू बोलना, हवा बदलना तो अपना धंदाच है."

कुणी हसलं नाही. जेवण झाल्यावर रज्जाकभाईंनी हात धुतले आणि म्हणाले, "मैं मजाक नहीं किया, माने."

* * *

पहिला उपाय एक्झॉस्ट पंख्याचा. जुन्या सामानात एक पडला होता, साहेब म्हणाले, घेऊन जा. खिडकीत बसवला. खोलीतली घाण हवा बाहेर फेकली की काम झालं, असा माझा हिशेब. पंखा झकास फिरला. तेवढ्यात शेजारी पारूबाईंनी लाल मिरचीचा ठेचा कढईत टाकला.

पंखा आमच्या खोलीतली हवा बाहेर काढत होता, म्हणजे तेवढी हवा कुठून तरी आत येणार. ती दारातून आली. पारूबाईंचा सगळा खकाणा गॅलरीतून वळून आमच्या खोलीत. कुसुम खोकून खोकून निळी पडली. तिला उचलून खाली चौकात नेलं, तिथे अर्ध्या तासानं ती सावरली. पारूबाई डोळ्यांत पाणी आणून उभ्या, वाटलं त्यांनाही मिरची लागली. मग लक्षात आलं, त्या रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "माने, आपण मिलमध्ये हवा काढतो का भरतो?"

इतक्या वर्षांचा फिटर मी. मान खाली घातली.

मग नरसय्यानं वाळ्याचा पडदा आणून दिला. त्यावर पाणी मारायचं, वारं गार येतं, तूस पडद्यात अडकतं. दोन दिवस सुवास आला, तिसऱ्या दिवशी खोली दमट झाली आणि कुसुमची छाती भात्यासारखी वाजायला लागली. तिचे वडील वळसंगहून आले. तिची पिशवी उचलली, तिला म्हणाले, "चल."

* * *

महिन्याभरानं साप्ताहिक सुट्टीला एस.टी.नं वळसंगला गेलो. वस्तीच्या वाटेवर लांबूनच ती दिसली. डोक्यावर दोन घागरी, बरोबर शेजारची एक मुलगी, आणि कुसुम तिच्याशी बोलत होती. चालता चालता, चढावर, पूर्ण वाक्यं.

मी बाभळीखाली थांबलो. लगेच पुढे झालो नाही. मला बघून ती थांबली असती.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "पोर हितं बरी हाय. जावईबापू, तुमीच हिकडं या की."

"काम सोडून?"

"आमी हाय की, शेत हाय."

दोन एकर कोरडवाहू आणि त्यावर तीन मेव्हणे. कुसुमनं ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "आये, त्यांना यंत्राशिवाय करमत न्हाय."

निघताना ती वाटेपर्यंत आली. मी विचारलं, "तिकडची आठवण येते का?"

"खोलीची न्हाय येत," ती म्हणाली.

एस.टी. सुटेपर्यंत मी त्या उत्तराचा विचार करत होतो. खोलीवर आलो. सगळं तिनं झाकून ठेवलं होतं तसंच होतं. फडकी तुसानं पांढरी झालेली. एकही काढावंसं वाटलं नाही.

* * *

बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, "घरातली हवा साफ करायचं यंत्र पाहिजे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हवा गार करायचा कूलर आहे. गरम करायचा हीटर आहे. हलवायचा पंखा आहे. साफ करायचं काय आलं, तर मालक, पहिलं मला कळवा. माझा भाऊबी खोकतोय."

दीक्षितसाहेबांच्या टेबलावर परदेशी मासिकं यायची. एक दिवस त्यांनी बोलावलं आणि एक पान उघडून समोर ठेवलं. त्यात घरातल्या घरात हवा गाळायच्या यंत्राचं चित्र. एका बाईच्या बैठकीत रेडिओएवढी पेटी, शेजारी फुलदाणी. आम्ही तिघं चित्रावर वाकलो. साहेबांनी खालचा मजकूर वाचून अर्थ सांगितला.

रज्जाकभाईंनी चष्मा वर केला. "इसमें क्या है? एक बक्सा, एक पंखा, एक कपडा. माने, ये तो हम बनाते, मशीन के वास्ते. अब भाभी के वास्ते बनाएंगे."

* * *

पत्र्याची पेटी रज्जाकभाईंनी चार दिवसांत केली. रेडिओएवढी काही झाली नाही, कपाटाएवढी झाली. तोच एक्झॉस्ट पंखा उलटा बसवला. बाहेरची हवा ओढून, गाळून खोलीत भरणारा. खोली चांगल्या हवेनं भरली की फटींतून आत काही येणार नाही, हा साहेबांचा धडा.

राहिलं कापड. नरसय्याच्या घरी त्याच्या आईसमोर आम्ही बसलो. मिलचं जाड गाळणं त्या लहान पंख्याला ओढवेना. मलमलीतून तूस आरपार. चादरीचा तुकडा लावला तर हवाच थांबली. म्हातारीनं सगळं बघितलं आणि तेलुगूत काहीतरी बोलली. नरसय्यानं सांगितलं, "आई म्हणतीय, नवं कापड कामाचं न्हाय. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं आन."

माझ्या घरात तसलं एकच होतं. कुसुमच्या ट्रंकेत, हिरवं, इरकली काठाचं.

कापड सपाट लावायचं नाही, निऱ्या घालून लावायचं, म्हणजे जास्त कापड मावतं आणि हवा सहज ओढली जाते, असं साहेबांनी बजावलं होतं. आम्ही तिघांनी अख्खी सुट्टी घालवली. एक निरी धरली की दुसरी सुटायची. शेवटी नरसय्याची बायको लक्ष्मी आतून आली, पदर खोचला, आणि पाच मिनिटांत सगळ्या निऱ्या एका मापाच्या घालून दिल्या. जाताना म्हणाली, "एवढे शिकलेले तिघं. रोज बघता, पण बघत न्हाई."

* * *

खिडकीशेजारच्या भिंतीला भोक पाडून पेटी बसवली खरी, पण हवा साफ होते की नाही हे कळायचं कसं? साहेब म्हणाले, ऊन बघा.

आमच्या कौलात एक फट होती. सकाळी तिथून कवडसा पडायचा आणि त्यात तुसाचे कण नाचताना दिसायचे. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं, साहेबसुद्धा, मांडी घालून त्या कवडशाभोवती बसलो. पेटी सुरू केली. कोणी हलायचं नाही, कोणी बोलायचं नाही.

पारूबाई डोकावल्या. चार बाप्ये उन्हाच्या काठीकडे टक लावून बसलेले. त्यांनी हळूच चपला काढल्या, हात जोडले आणि मागे बसल्या.

तासाभरानं कण विरळ झाले. आणखी थोड्या वेळानं कवडसा दिसेनासाच झाला. ऊन खाली फरशीवर पडलेलं दिसत होतं, पण वरून खाली येताना दिसत नव्हतं. साहेबांनी उठून त्यात हात घातला, तेव्हा तळवा उजळला.

"आता वळसंगला जा," ते म्हणाले.

खाली उतरलो तर चाळीतले भजनी मंडळाचे दोघं टाळ घेऊन जिन्यात. मानेंनी पेटी आणली म्हणून त्यांना कळलं होतं. म्हणाले, "सूर कसा हाय?"

रज्जाकभाई म्हणाले, "एकच है. पर पक्का है."

* * *

वळसंगला कुसुमनं सगळं ऐकून घेतलं. शेंगा फोडत होती, हात थांबवला नाही.

"आवाज करती का ती?"

"करते."

"किती?"

"मिलपेक्षा कमी."

"लाईट गेल्यावर?"

"बंद पडते."

"मग?"

"मग मी तुला वळसंगला आणून सोडतो."

ती जरा वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "आट दिस बघते."

खोलीत आली, पेटीसमोर उभी राहिली, वाकून जाळीतून आत बघितलं. हिरवा रंग दिसला असणार.

"माझं लुगडं हाय हे."

"हो."

"आयेनं दिल्यालं."

तिनं पेटीवर हात ठेवला, पंख्याची थरथर हाताला लागली तसा काढला, पुन्हा ठेवला. म्हणाली, "काठ तरी कापून ठेवायचे हुते."

आठ दिवसांचा महिना झाला. निऱ्यांतलं तूस झटकायचं, लुगडं धुऊन चांगलं वाळवायचं आणि पुन्हा निऱ्या घालायच्या, हे सगळं ती दर आठवड्याला स्वतः करायची. वाक्यं पूर्ण यायला लागली. शिवणाच्या मशीनवरचं फडकं तिनं काढून टाकलं. पारूबाई पेटीपुढे येऊन बसायच्या, गुडघा दुखतोय म्हणून. हवेनं गुडघा कसा बरा होईल हे मी विचारलं नाही.

पण एकदा कामावरून आलो तर कुसुम पेटी बंद करून खिडकी उघडी टाकून उभी.

"अगं, काय करतेस?"

"ह्या हवेला वासच न्हाय," ती म्हणाली. "चांगली हाय, पर कुटलीच न्हाय."

पुढच्या सुट्टीला मी वळसंगला जाऊन आलो. तिला सांगितलं, कामानिमित्त जातोय. परत येताना एस.टी.त माझ्या मांडीवर कडब्याची एक पेंढी होती. कंडक्टर म्हणाला, "सोलापुरात म्हैस घेतली काय?" हो म्हटलं. पेंढी झटकून पेटीच्या तोंडाशी बांधली. हवेतला कण न् कण काढायला चौघांनी दोन महिने घातले होते, आणि आता मीच त्यात कडबा घालत होतो. हे मी साहेबांना आजतागायत सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

कुसुम पेटीसमोर डोळे मिटून बसली.

ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दम्यानं नाही, म्हातारपणानं गेली. चाळ पाडली तेव्हा पेटी भंगारात दिली. देताना जाळी उघडून बघितली, आत लुगडं नव्हतं. तिनं कधी काढून घेतलं कुणास ठाऊक.

* * *

एक किस्सा राहिला.

मध्ये मिल बंद पडली होती. काहीतरी बोलणी फिसकटली आणि फाटकाला कुलूप लागलं. पहिल्या आठवड्यात कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात चिमणीच्या वरचं आभाळ निळं दिसायला लागलं. चाळीच्या गॅलरीतून किल्ल्याचे बुरूज दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फडक्यांवर तूस पडेना. कुसुमनं पेटी बंद केली आणि खिडकी सताड उघडली.

आम्ही रोज संध्याकाळी तळ्यावर फिरायला जायचो. लग्न झाल्यापासून असं कधी गेलो नव्हतो. ती माझ्या पुढे चालायची. एकदा तर जिना चढताना गुणगुणत होती, आणि मी मागे थांबून ऐकत राहिलो.

आणि त्याच दिवसांत नरसय्याच्या घरी मागावर आई, लक्ष्मी आणि तो, तिघं पाळीपाळीनं बसत होते, तरी चार मुलींच्या ताटात भाकरी अर्धी येत होती. रज्जाकभाई बाजारात बादल्यांना बूड लावत बसायचे. मला वाटायचं, आणखी थोडे दिवस मिल बंद राहू दे. आणि ते वाटलं की नरसय्याच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही.

एका सोमवारी कुसुम जेवली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी म्हटलं, "उपास कसला?"

"धरलाय."

"कशासाठी?"

"मिल चालू व्हावी म्हनून."

"कुसुम, अगं मिल चालू झाली की तुला..."

या वेळी तिनं माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "माझ्याकडं पेटी हाय," ती म्हणाली. "नरसय्याभावजींच्या पोरींकडं काय हाय?"

तिचे पाच सोमवार झाले. सहाव्या आठवड्यात, सकाळी चहा उकळत असताना भोंगा वाजला. एवढ्या दिवसांनी वाजला म्हणून पहिल्यांदा कुणाला खराच वाटेना. मग सगळ्या खोल्यांची दारं धाडधाड उघडली. माणसं गॅलरीत आली, जिन्यात आली. पारूबाई मिलच्या दिशेला हात जोडून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर नरसय्या सायकलवरून येत होता, सदऱ्याची बटणं न लावता.

मी वळून बघितलं. कुसुम खिडकीत उभी होती, चिमणीकडे तोंड करून. तिनं एक श्वास घेतला, छाती भरून, सावकाश. थोडा वेळ तो आतच धरून ठेवला.

मग खिडकी लावली, कडी घातली आणि पेटीचं बटण दाबलं.

"डबा भरते," म्हणाली. "तुमी सदरा घाला. खाली भावजी थांबल्यात."